कार्डांच्या मागची बाजू

ओ लेव्हलचा, म्हणजे इथल्या दहावीचा, शेवटचा पेपर झाला आणि निकालाला दोन महिने उरले, तेव्हा आईने मला सातव्या मजल्यावरून अकराव्या मजल्यावर धाडलं. "वरच्या मिलिंदकाकांच्या आई आल्यात सांगलीहून," ती म्हणाली. "त्यांना नीट दिसत नाही. कसलंसं पुस्तक लिहितायत, वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. दुपारचे दोन तास जात जा. तुझं मराठी तरी सुधारेल." माझं मराठी तेव्हा जेवणाच्या टेबलापुरतं होतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघींनाही वाटत नसे. माझ्या मैत्रिणी त्या सुट्टीत बँकॉकला नाहीतर निदान जवळच्या सेंटोसा बेटावर जाणार होत्या, आणि मी जाणार होते लिफ्टने चार मजले वर. मी आईला म्हटलं, "दॅट्स नॉट अ हॉलिडे, लाह." आईने माझ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा दिला आणि दार उघडून धरलं.

त्या घराचं दार उघडलं ते बाईंनीच. मनात आजी म्हणून एक चित्र होतं, त्यात त्या कुठेच बसत नव्हत्या. उंच, केस मानेपर्यंत कापलेले, अंगावर खादीची साडी आणि पायांत, घरातसुद्धा, पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या माझ्या उजव्या कानाकडे पाहत. पहिल्या दिवशी मी दोनदा कान चाचपून पाहिला. मी "नमस्कार आजी" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आजी नको. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, सगळ्या पोरापोरींनी बाई म्हटलं. तूही बाई म्हण." त्यावरून पुढे एक गंमत झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या हिंदी बोलणाऱ्या काकूंनी मला लिफ्टजवळ हळूच विचारलं, की त्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही लोकांनी घरकामाला ठेवलंय का, या वयात? मी बाईंना ते सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्यांची खोली म्हणजे मिलिंदकाकांच्या मुलीची खोली. ती मेलबर्नला शिकायला गेली होती आणि भिंतीवर तिने लावलेलं कोरियन गायकांचं पोस्टर तसंच होतं. त्या सात गोऱ्यागोमट्या मुलांच्या खाली, पलंगाच्या कडेला, बुटांचे तीन खोके एकावर एक ठेवले होते, नाडीने बांधलेले. आत कार्डं होती. पोस्टकार्डाएवढी, कडा पिवळ्या पडलेली, बाईंच्या बारीक तिरक्या अक्षरांनी भरलेली. तिशीत असताना त्यांना एक शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या ग्रंथालयात त्या वर्षभर बसल्या होत्या. गेल्या होत्या वेगळ्याच विषयासाठी. इंग्रजांनी अमेरिकन वसाहतींवर लादलेले कर, असा काहीतरी विषय त्यांच्या मार्गदर्शकांनी ठरवून दिला होता. "एका सकाळी जुन्या वर्तमानपत्राचा अंक चाळत होते," बाई सांगायच्या. "शेवटच्या पानाच्या तळाला छापणाऱ्याचं नाव असतं. तिथे एका बाईचं नाव होतं. मी म्हटलं, ही कोण? दुसऱ्या दिवसापासून कर सोडून दिले."

ही कोण, हे शोधण्यात त्यांचं ते वर्ष गेलं. आणि एक नव्हे, तशा कितीतरी सापडल्या. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या त्या बायका. नवरा मुद्रक. तो जायचा तापाने नाहीतर क्षयाने, आणि मागे राहायचा छापखाना, अर्धा छापलेला अंक, आणि पदरात पाचसहा पोरं. पुढच्याच अंकात ग्राहकांना विनंती यायची, की काम बंद पडणार नाही, लोभ असावा. ती विनंती बाईने स्वतः जुळवलेली असायची, कारण खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला ती लग्न झाल्यावर शिकलीच होती. कित्येकींना तर बापाच्याच छापखान्यात ते अंगवळणी पडलेलं. हे सगळं पुस्तकात आहे, आणि त्या बायकांची नावंही तिथेच आहेत. मी इथे ती देत नाही, कारण हे त्यांचं प्रकरण नाही. पण एवढं खरं, की त्या सुट्टीत बिशान भागातल्या आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मी त्यांच्यात राहत होते. खालून एमआरटीची गाडी डेपोकडे जाताना करकरायची, महिन्यातून एकदोनदा रद्दीवाला भोंगा वाजवत ब्लॉकच्या दारात यायचा, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर कपडे वाळत असायचे. बाई म्हणायच्या, "छापलेले ओले कागद अस्सेच वाळत घालायचे, दोऱ्यांवर, डोक्याच्या वर. घरातली लंगोटी वाळायची त्याच खोलीत कायदेमंडळाचे कायदे वाळायचे."

आमची पद्धत ठरून गेली होती. मी कार्ड काढायचे, मोठ्याने वाचायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या, दोनतीन कार्डं झाली की "थांब" म्हणायच्या, आणि मग मराठीत सांगायला लागायच्या. मी लॅपटॉपवर फोनेटिक कीबोर्डने ते टाइप करायचे. पहिल्या आठवड्यात मी छापखान्याचा चापखाना केला, विधवेची विदवा केली, आणि एका मुद्रकाला 'वारला' ऐवजी 'वरला' केलं. बाईंना ते दिसत नव्हतं, पण मी परत वाचून दाखवताना त्यांच्या कानाला कळायचं. "अगं, मेला तो. त्याला चढवतेस कुठे?" खिळे, ते लावणारा जुळारी, मुद्रितं तपासणं, हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांनी माझ्याकडून 'कॅन' उचलला. "उद्या जरा लवकर येशील?" "कॅन." "हे प्रकरण आज संपवू या?" मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणायच्या, "कॅन, कॅन."

चार वाजता खाणं. ती वेळ मला अजून जिभेवर आठवते. बाईंना अंदाजाने सगळं करता यायचं. मेतकूट घातलेला मऊ भात, वर तूप. कधी थालीपीठ, त्याला मधोमध बोटाने पाडलेलं भोक. तेवढं मात्र कधीकधी कडेला जायचं. आणि बुधवारी मी खालच्या कोपीटियाममधून, म्हणजे चहाकॉफीच्या हॉटेलातून, त्यांच्यासाठी काया टोस्ट आणायचे. नारळ आणि अंड्याचा तो गोड हिरवट लगदा सांगलीच्या माणसाला आवडेल असं मला वाटलं नव्हतं, पण बाई बोटं चाटायच्या आणि म्हणायच्या, "शर्वरीला सांगू नकोस, माझी साखर मोजते ती." शर्वरीकाकू म्हणजे त्यांच्या सूनबाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मायाळू. त्यांना सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्या चहात साखरेचा कणही घालू देत नसत, एवढंच.

मी सोळा वर्षांची होते, आणि त्या बायकांच्या प्रेमात पडले होते. एका दुपारी माझ्या हातात जे कार्ड आलं, त्यात एका विधवेच्या वर्तमानपत्रातली जाहिरात उतरवलेली होती. एक गुलाम बाई लहान लेकराला घेऊन पळून गेली होती, आणि मालकाने तिचं वर्णन दिलं होतं, कपड्यांचं, चालण्याचं, गालावरच्या व्रणाचं. चौकशी छापखान्यात करावी, असं खाली होतं. मी वाचायची थांबले. मग म्हटलं, "बाई, हे नको ना घेऊ या. शी वॉज सो नाइस."

"कोण नाइस?"

"ती प्रिंटर."

बाई माझ्या कानाकडे पाहत राहिल्या. "त्या जाहिरातीतला खिळा न् खिळा तिने हाताने उचलून लावलाय. व्रणाचा शब्दसुद्धा. हे गाळलं तर बाकीचं मी सांगितलेलं कोण खरं मानेल? लिही." मी लिहिलं. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. आज मी पूल बांधणाऱ्या कंपनीत आयुष्य काढलेली बाई आहे, पुस्तकांशी धंद्याने माझा काही संबंध आला नाही. पण हिशेबात न बसणारा आकडा अहवालातून गुपचूप काढून टाकावा असं जेव्हा जेव्हा मनात आलं, तेव्हा मला ती दुपार आठवली आहे.

ख्रिसमसच्या सुमारास डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, की कडेचं उरलेलं तेही आता फार दिवस राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "दोनऐवजी तीन तास बसलो तर?" त्या अमेरिकेहून पदवी न घेता परत आल्या होत्या. मार्गदर्शकांना विषय बदललेला रुचला नाही, आणि मग नोकरी, घर, सासूसासऱ्यांची आजारपणं. त्या खोक्यांखेरीज त्या वर्षाचं त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. कोल्हापूरचा एक प्रकाशक, त्यांचाच जुना विद्यार्थी, थांबून होता. एवढं मला कळत होतं. त्या वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट होती, ती मला कळायची होती.

ती कळली ती चुकून. एका कार्डाचा मजकूर तळाशी तुटल्यासारखा वाटला म्हणून मी ते उलटलं. मागे पेन्सिलीने, मराठीत, दोन ओळी होत्या. मी वाचण्याच्या ओघात वाचून गेले. "तीन आठवडे झाले, मिरजेहून पत्र नाही. मिलिंदला एव्हाना 'र' म्हणता यायला लागला असेल."

बाई म्हणाल्या, "मागची बाजू वाचायची नाही, सई. ती पुस्तकातली नाही."

मी "सॉरी" म्हटलं. त्यांनी स्वतःच थोडंसं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. त्या गेल्या तेव्हा मिलिंद तीन वर्षांचा. त्याला मिरजेला मोठ्या जावेकडे, वहिनींकडे, ठेवला होता. फोन घरात नव्हता, पत्राला पंधरा दिवस लागत. "चल, पुढचं कार्ड," त्या म्हणाल्या.

मिलिंदकाका मला नुसतेच जातायेता दिसायचे. टाय सैल केलेला, हातात लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर नेहमी शांत हसू. आपल्या आईशी ते फार अदबीने वागत. जेवलीस का, ड्रॉप्स घातले का, एसी कमी करू का. त्यांच्या तोंडून त्यांच्या आईबद्दल वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही, आणि पुस्तकाबद्दल कुठलाच शब्द ऐकला नाही. मात्र एका संध्याकाळी आम्ही दोघं लिफ्टमध्ये होतो. त्यांनी विचारलं, "किती राहिलंय आईचं काम?" मी उत्साहाने सांगायला लागले, विधवा, छापखाने, वाळत घातलेले कागद. ते ऐकून घेत होते. सातवा मजला आला तसं ते म्हणाले, "त्या बायका मला माहीत आहेत. लहानपणी मला वाटायचं, आईची तिकडे दुसरी मुलं आहेत. तिला जास्त आवडणारी." हसतच म्हणाले. दार बंद होताना त्यांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं.

पुढे मी जे केलं, ते आज माझ्या मुलीने केलं तर मी तिला काय म्हणेन, मला माहीत नाही. बाई दुपारी तोंड धुवायला गेल्या, किंवा चहा ठेवायला गेल्या, की मी फोनने कार्डांच्या मागच्या बाजूंचे फोटो काढायला लागले. सगळ्या कार्डांच्या मागे काही नव्हतं. पण जिथे होतं तिथे एकदोन ओळीच. "आज बर्फ पडलं. त्याला दाखवायला हवं होतं." "ग्रंथपालबाईंचा मुलगा आला होता, त्याच वयाचा. मी उठून बाहेर गेले." "वहिनींचं पत्र. तो माझ्याबद्दल विचारत नाही, असं लिहिलंय. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल." घरी आमच्या टेबलाशी बसून मी ते सगळं टाइप केलं. एकही चूक ठेवली नाही, प्रत्येक जोडाक्षर दोनदा तपासलं. मग खाली मार्केटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानातल्या आंटीने विचारलं, "स्कूल प्रोजेक्ट अ? वन साइड, टू साइड?" मी म्हटलं, "वन साइड." आयुष्यात मी स्वतःहून पहिल्यांदा काही छापून घेतलं ते हे. पाकीट मी मिलिंदकाकांच्या हातात लिफ्टजवळ दिलं आणि जिन्याने पळाले.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा खोके बांधलेले होते. बाई पलंगावर ताठ बसल्या होत्या, पायांत बूट.

"मिलिंदने मला काल विचारलं, की ग्रंथपालबाईंच्या मुलाचं नाव काय होतं," त्या म्हणाल्या. "त्याला हे कसं कळलं?"

मी लॅपटॉप खाली ठेवला.

"मी तुला नको म्हटलं होतं ना?"

"हो. पण बाई, त्यांना वाटत होतं की..."

"त्याला काय वाटतं ते मला चाळीस वर्षं माहीत आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "त्या बायकांची खासगी पत्रं मी वाचली, त्यांना न विचारता वाचली. त्या मेलेल्या होत्या, सई. मी अजून जिवंत आहे. मला विचारता आलं असतं."

मी जिन्यात जाऊन रडले. मग घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी, मला वाटतं कितीतरी वर्षांनी, सलग मराठीत सांगितलं. इंग्रजीत ते सांगताच येईना, कारण घडलं ते सगळं मराठीत होतं. आई रागावेल असं वाटलं होतं. तिने कुकर उतरवला, मला गरम वरणभात वाढला, आणि माझ्या समोर बसली. "चुकलंच तुझं," ती म्हणाली. "उद्या परत जा."

"त्यांनी आत घेतलं नाही तर?"

"दारात थांब. बोलल्या नाहीत तर नुसती बसून ये. पण जा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या, आणि आत जाऊन आडव्या झाल्या. मी खुर्चीत बसून राहिले. मी माफी मागितली, त्यांनी "हं" म्हटलं. बाहेर आभाळ गच्च भरून आलं होतं, विजा चमकत होत्या, समोरच्या ब्लॉकमधल्या बायका घाईघाईने बांबू आत ओढत होत्या. चार वाजता त्या उठल्या आणि त्यांनी भात लावला. माझ्या ताटात तूप वाढलं. एवढंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. खोके बांधलेलेच राहिले, आणि मला सारखं वाटत होतं, की पुस्तक आता होणार नाही आणि ते मी घालवलं.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं मिलिंदकाकांनी. भर दुपारी, घरच्या टीशर्टमध्ये. त्यांनी रजा घेतली होती. आत पलंगावर एक खोका उघडा होता आणि त्यांच्या मांडीवर कार्डांची चळत होती. "बस," ते मला म्हणाले, "तू टाइप कर, मी वाचतो. मला आईचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं लागतं." आणि ते वाचायला लागले, मीटिंगमध्ये अहवाल वाचावा तशा स्वच्छ आवाजात. अमक्या साली अमक्या बाईने पंचांग छापलं. तमक्या बाईने दोन मुलींना खिळे जुळवायला बसवलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, पण हात मांडीवर नुसता ठेवलेला नव्हता, पदराचं टोक मुठीत धरलेलं होतं. दोन कार्डं झाली, तीन झाली. त्यांनी "थांब" म्हटलं नाही. मिलिंदकाकांनी पुढचं कार्ड वाचलं आणि उलटलं.

"आई, मागे आहे. वाचू?"

बाईंनी पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "वाच."

"आज स्वप्नात मिलिंद आला. पाठमोरा होता." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते, कानांवरचे केस पांढरे झालेले. त्यांनी विचारलं, "तू परत आलीस तेव्हा मी काय केलं?"

"तुला आठवत नाही?"

"तू गेलीस ते आठवतं. रिक्षा, तुझी हिरवी साडी, काकूने मला कडेवर घट्ट धरलेलं. तू आलीस ते काही केल्या आठवत नाही. इतकी वर्षं मी आठवून बघतोय."

"तू पाणी आणून दिलंस," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी पेला धरून. वहिनींनी शिकवलं होतं तुला, पाहुण्यांना पाणी द्यायचं. मी प्यायले, तर मला वाकून नमस्कार केलास आणि आत खेळायला गेलास." त्या थांबल्या. "रात्री वहिनींच्याच कुशीत झोपलास. मी महिनाभर तिथे राहिले. एका दिवशी अंगणात पडलास, गुडघा फुटला, आणि रडत माझ्याकडे आलास. वहिनी जवळ होत्या तरी माझ्याकडे. मग मी तुला सांगलीला घेऊन आले."

मिलिंदकाका उठले आणि आईच्या शेजारी पलंगावर जाऊन बसले. बाईंनी चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला, जणू जखम अजून तिथेच होती. मी लॅपटॉप हळूच मिटला, चपला हातात घेतल्या, आणि दार न वाजवता निघून आले. त्या दिवशीचं एक अक्षरही टाइप झालं नाही.

मिलिंदकाकांनी पुढे पंधरा दिवस रजा काढली. शर्वरीकाकू म्हणायच्या, लग्नानंतरची ही यांची पहिली लांब सुट्टी. आम्ही तिघं बसायचो. बाई माझ्यावर पूर्वीसारख्या खेकसायला लागल्या, तेव्हा मला समजलं की मला माफ केलंय. चायनीज न्यू इयरच्या आधी पुस्तक झालं. वर्षभराने कोल्हापूरहून ते छापून आलं, जाड, साधं, करड्या कव्हरचं. त्याची फार चर्चा झाली नाही, एका मासिकात बरं परीक्षण आलं, आणि काही कॉलेजांनी घेतलं. बाईंना तोवर काहीच दिसत नव्हतं. त्या सांगलीला परतल्या होत्या. मिलिंदकाका दर रविवारी फोनवर त्यांना त्यातलं एकेक प्रकरण वाचून दाखवत, आणि त्या चुका काढत. पाचसहा वर्षांनी त्या गेल्या, झोपेत. माझ्या प्रतीवर त्यांनी सही केली आहे, पण ती पानावरून उतरून निम्मी टेबलावर गेली असावी. अर्धंच नाव आहे.

पण मला सांगायची राहिली ती आमची शेवटची दुपार. फक्त प्रस्तावना बाकी होती. बाई म्हणाल्या, त्या काळात बायका पुस्तक लिहीत, तेव्हा प्रस्तावनेत आधी गयावया करत. हे छापायचा माझा विचार नव्हता, मित्रमंडळींनी आग्रह केला, घरकामातून उरल्या वेळात लिहिलंय, दोष पदरात घ्यावेत. आणि पुष्कळदा वर नावही नसे, नुसतं, एका स्त्रीने लिहिलेलं. "मला तसली नको," त्या म्हणाल्या. "सरळ लिहू." त्यांनी ग्रंथपालबाईंचे आभार सांगितले, प्रकाशकाचे सांगितले. मिरजेच्या वहिनींचे आभार त्यांनी तीनदा सांगून तीनदा खोडायला लावले, आणि शेवटी एकच ओळ ठेवली, की त्यांनी माझं मूल त्यांचं मानून सांभाळलं आणि मागितल्यावर परत दिलं. मग त्या थांबल्या. मिलिंदकाका खिडकीशी उभे होते.

"आता असं लिही," बाई मला म्हणाल्या. "या पुस्तकासाठी मी माझ्या मुलाला एक वर्ष सोडून गेले. त्याला न विचारता गेले. तो तीन वर्षांचा होता, विचारण्यासारखं वय नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले."

मी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. खाली डेपोकडे गाडी वळत होती, तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी खिडकीकडे, उजेडाच्या थोडं बाजूला, तोंड वळवलं.

"मिलिंद," त्या म्हणाल्या, "हे असं छापलं तर चालेल तुला?"

मिलिंदकाका आमच्याकडे पाठ करूनच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, टीशर्टच्या टोकाला पुसला, परत लावला.

"वाच परत एकदा," ते मला म्हणाले.

मी वाचलं.

"चालेल," ते म्हणाले. "राहू दे असंच."